डाव्या तळहातावर

नांदेड
२६ सप्टेंबर २०१८

ती. आप्पा,

शरणार्थ. पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच आईकडे सरकवू नका. आईशी मी फोनवर रोज बोलते, तिला पत्राची गरज नाही. हे तुमचं आहे. फोन तुम्ही घेत नाही म्हणून कागद काढावा लागला.

तीस तारखेच्या आत लातुरात पोचावं म्हणून आजच टाकते आहे. वर्षातून तेवढा एकच दिवस आपली खानावळ बंद असते. सकाळी तुम्ही जीपने किल्लारीला जाणार, जुन्या गावाच्या जागी आजीच्या नावाने उभे राहणार, दुपारी परत येणार आणि मग संध्याकाळपर्यंत तुम्हाला काही काम नसणार. काम नसलं की तुम्ही तेलाच्या डब्यावरचा मजकूरसुद्धा वाचता, हे मला माहीत आहे. तेव्हा हे वाचा. यंदा भूकंपाला पंचवीस वर्षं होतील. आजीला माझाही नमस्कार सांगा. तिने मला पाहिलं नाही, पण तिच्या नावाच्या खानावळीत मी वाढले.

तुम्ही माझ्याशी बोलायचं थांबवलंत त्याला दोन वर्षं दोन महिने झाले. दिवाळीला घरी येते तेव्हा तुम्ही मला ताट वाढता. खानावळीत जेवणाऱ्या एकशे चाळीस पोरांना "अजून काय पाहिजे रे" म्हणून विचारत हिंडता, आणि माझ्या ताटाशी आलात की नुसती भाकरी टाकून पुढे जाता. न विचारता, आणि नेमकी मला हवी असते तेवढीच. याचा मला फार राग येतो.

चूक माझी आहे, नाही म्हणत नाही. आपल्याकडे जेवून जी पोरं डॉक्टर झाली, त्यांचे फोटो भिंतीवर लावलेत. त्यांच्या मधोमध तुम्ही माझ्यासाठी खिळा ठोकलात तेव्हा मी आठवीत होते. दोनदा मेडिकलची परीक्षा दिली, दोनदा मार्क कमी पडले. तुम्ही तिसऱ्या वर्षाच्या क्लासचं नक्की करून आलात आणि त्याच आठवड्यात मी तुम्हाला न विचारता नांदेडच्या इंजिनिअरिंगचा फॉर्म भरून टाकला. तुम्ही एवढंच म्हणालात, "जा. पन त्या खिळ्याला तुझा फोटो लागायचा न्हाई." त्यानंतर आजवर शब्द नाही.

पण आप्पा, भारनियमनाच्या दिवसांत खानावळीतल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला मला तुम्हीच शिकवलंत. म्हणजे मी बिघडले त्यातला थोडा दोष तुमच्याकडेही येतो.

आता कामाचं. आम्ही बावीस जण मिळून एक गाडी बांधतोय. शर्यतीची, एकट्या माणसाने चालवायची, विजेवर पळणारी. तयार आणून जोडायची नाही. सांगाडा आम्हीच आखायचा, आम्हीच वेल्डिंग करायचा. जानेवारीत कोइमतूरला देशभरातल्या कॉलेजांच्या अशा गाड्यांची स्पर्धा आहे. आमच्या गाडीची बॅटरी माझ्याकडे आहे. तिकडे जाण्याआधी, डिसेंबरात, कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा चालवून बघणार. तुम्ही या. बोलू नका, नुसते उभे राहा आणि बघा.

आजीची इष्टलिंगाची चांदीची डबी गळ्यात आहे. रोज पूजा करते. एक क्षणही काढत नाही. तुम्ही विचारणार नाही, म्हणून आपणहून सांगते.

तुमची,
मंजुश्री


नांदेड
१४ ऑक्टोबर २०१८

ती. आप्पा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनची वाट पाहिली. हॉस्टेलवर पोस्टमनची वाट बघणारी मी एकटीच आहे, तोही आता मला लांबूनच मान हलवून नाही म्हणतो.

आई म्हणाली, पत्र तुम्ही घेतलंत आणि सदऱ्याच्या खिशात घालून किल्लारीला गेलात. वाचलंत की नाही, तिला सांगता येईना.

गाडीचं सांगते. आमचा कॅप्टन गंधार इथलाच, नांदेडचा. त्याचे आईवडील दोघंही शिक्षक. प्रत्येक गोष्ट तो वहीत लिहितो, चहा किती वाजता प्यायला तेही. चालवणार आहे ती उर्वी. मुखेडला मामाचा ट्रॅक्टर चालवून शिकली आहे आणि घाबरणं तिला ठाऊकच नाही. आणि वर्कशॉपचे व्यंकटराव. बिलोलीचे आहेत, पस्तीस वर्षं वेल्डिंग करतायत. सगळा सांगाडा त्यांच्या नजरेखाली जोडला गेला. पहिल्या दिवशी त्यांनी आमचा नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "आवाज न्हाई, धूर न्हाई, मग गाडी चालू झाली ते कळायचं कसं?" गंधारने तो प्रश्नही वहीत लिहून ठेवला.

माझी पेटी म्हणजे लोखंडी ट्रंकेएवढी. आत पाच कप्पे, प्रत्येक कप्प्यात ओळीने सेल. एकेका कप्प्यात इतकी ताकद आहे की पाना आडवा पडला तर वितळेल. आणि ही वीज घरातल्यासारखी बटण बंद करून जात नाही. सेल भरलेला असला की टोकं जिवंतच. म्हणून नियम कडक आहेत. रबरी हातमोजे, तोंडावर काच, बाजूला एक माणूस उभा. पेटी उघडण्याआधी हातातलं, कानातलं, गळ्यातलं सगळं काढून ठेवायचं. दोरा असला तरी नको, गळ्यातून काहीच लोंबायला नको.

हे वाचून तुमचा हात थांबला असेल. थांबू देऊ नका. मी त्यातून मार्ग काढला आहे. डबी गळ्यातच असते आणि कामही चालू आहे. कसं ते लिहीत बसत नाही, तुम्हाला कंटाळा येईल.

इथल्या मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते. तुमच्या शेंगदाण्याच्या चटणीची फार आठवण येते. आणि तुमचीही.

मंजुश्री


नांदेड
२५ नोव्हेंबर २०१८

ती. आप्पा,

दिवाळीचे चार दिवस घरी राहून आले. तुम्ही याही खेपेला बोलला नाहीत. निघायच्या दिवशी मी जिन्यात होते तेव्हा तुम्ही आईला विचारलंत, "तिची बस कितीची हाय?" मी तिथेच उभी राहिले, अजून काही विचाराल म्हणून. तुम्ही कांदे चिरायला लागलात. बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत मी तेच वाक्य घोळवत होते. 'तिची' म्हणालात.

इथे एक वाईट झालं. सोळा तारखेला काम करताना एका कप्प्याची दोन टोकं जोडली गेली. मोठा जाळ झाला, क्षणभरच. सेल फुगले, अख्खा कप्पा गेला. मला काही लागलं नाही. पाना निसटला, असं मी सगळ्यांना सांगितलं.

नवे सेल मागवले आहेत, पण खरा घोर वेगळाच आहे. आमच्या पान्यांना मुठीपासून टोकापर्यंत रबराचं आवरण आहे. असा पाना निसटला तर जाळ व्हायला नको. मग झाला कसा? गंधारला ते सुटत नाही. आठ दिवस तो पेटीचा एकेक तुकडा खोलून बघतोय. कप्प्यावरचं झाकण त्याने आखलेलं आहे, म्हणून त्याला वाटतंय की त्याच्याच कामात कुठेतरी खोट आहे. जेवायला येत नाही. काल त्याची आई डबा घेऊन वर्कशॉपच्या दाराशी आली आणि त्याला खायला घालून गेली, लहान मुलासारखं. मी तिथेच होते. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "तूच सांग गं याला, तुझं ऐकतो." मी मान हलवली.

पहिल्यांदा चालवायचा दिवस २२ डिसेंबर ठरला आहे, शनिवार. तुम्ही याल का, हे विचारायला मला आज तोंड नाही. तरी तारीख लिहिली आहे.

मंजुश्री


नांदेड
९ डिसेंबर २०१८

ती. आप्पा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं, त्याच्या आधीच्या पत्रात दडवलं. आता सरळ लिहिते, मध्येच थांबू नका.

पाना निसटला नव्हता. आजीची डबी होती ती.

गळ्यातलं काढायचं म्हटलं की माझा हात दोऱ्यापर्यंत जायचा आणि तिथेच राहायचा. मी सहा वर्षांची असताना तुम्ही तो दोरा बांधलात. हे अंगावरून खाली ठेवायचं नाही, आजीने शेवटपर्यंत ठेवलं नाही, असं सांगितलंत. ढिगाऱ्यात तिच्या डबीला पडलेला पोचा तुम्ही माझं बोट धरून मला दाखवलात. घर सोडून आले, तुमचा शब्द मोडला, पण ही एक गोष्ट मोडली नाही, असं मी स्वतःला सांगत होते. तुमच्याकडचं माझ्याजवळ तेवढंच राहिलं होतं. म्हणून मी डबी जाड अ‍ॅप्रनच्या आत, बनियनला पिन लावून दडवायचे. इतर सगळे तपासणीसाठी हात पुढे करायचे, मीही करायचे, आणि मान वर करायची वेळ आली की काही तरी आणायला जायचे. हाच तो माझा मार्ग.

सोळा तारखेला पिन सुटली. मी झाकण बसवायला वाकले आणि डबी बाहेर आली ती थेट दोन टोकांवर आडवी. पांढरा उजेड आणि फट्‌ असा आवाज. दोरा जळून तुटला म्हणून मी वाचले. उर्वी शेजारी होती, पण तेव्हा ती कागदावर आकडे लिहीत होती. तिने वर बघायच्या आत मी डबी उचलून खिशात टाकली. गळ्याखाली भाजलं आहे, फोनवर आईला मी चहा सांडला म्हणून सांगितलं. डबीचा एक कोपरा वितळला आहे. आतलं लिंग शाबूत आहे, मी उघडून पाहिलं. मग दुसरा दोरा ओवून ती परत गळ्यात घातली आणि बाथरूममध्ये जाऊन खूप रडले.

परवा गंधारने सगळ्यांना बोलावलं आणि गाडीचं काम बघणाऱ्या आमच्या सरांसमोर सांगितलं की चूक त्याच्या झाकणाची आहे, आजपासून तो कॅप्टन नाही. वहीत त्याने तसं लिहूनसुद्धा ठेवलं होतं. मी उठले आणि डबी काढून टेबलावर ठेवली. म्हणजे ठेवणार होते, पण ठेवता आली नाही, हातातच धरून राहिले. तशीच सगळं बोलले. गंधारने माझ्या गळ्याखाली पाहिलं. मग त्याने विचारलं, "भाजलं किती?" त्यापेक्षा त्याने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

सर रागावले नाहीत, पण त्यांनी साफ सांगितलं. गळ्यात काही ठेवून पेटीला हात लावायचा नाही. काढून काम करायचं, नाहीतर पेटी दुसऱ्याला द्यायची. दोन्हीत कमीपणा नाही, मनाने ठरव, म्हणाले. व्यंकटराव मला बाहेर घेऊन गेले, बाकावर बसवलं आणि म्हणाले, "पोरी, घरी इचार."

म्हणून विचारते, आप्पा. ही पेटी मी दीड वर्ष बांधली आहे. तिच्यातला एकेक सेल मी हाताने मोजून लावला आहे. ती दुसऱ्याच्या हाती देताना माझा जीव जाईल. आणि डबी काढली तर तुमच्याशी शेवटचा दोरा तोडल्यासारखं होईल. मला एकटीला हे ठरवता येत नाही. तुम्ही रागावून लिहा, शिव्या घाला, पण या वेळी गप्प बसू नका.

मंजुश्री


लातूर
१५ डिसेंबर २०१८

चि. मंजुश्रीस आशीर्वाद.

चारी पत्रं पोचली. पहिलं तीस तारखेच्या आदल्या दिवशीच पोचलं. किल्लारीत लिंबाखाली बसून वाचलं.

तुला एक गोष्ट लिहितो. तुझ्या आईला पन ठाऊक न्हाई.

भूकंप झाला त्या दिवशी उजाडल्यावर मी तुझ्या आजीला हुडकू लागलो. अठरा वर्षांचा होतो. माळवद सगळं खाली आलतं, दगड, माती, लाकडं. खालून तिचा आवाज येत होता. आत शिरायला एकच भोक होतं. पालथा पडून शिरू लागलो तर माझ्या गळ्यातला दोरा लाकडाला अडकला. माघारी आलो. परत शिरलो, परत अडकला. तिसऱ्यांदा मी तो काढला आनि बाहेर लिंबाच्या फांदीला अडकवला. मग शिरता आलं. ती हाताला लागली तवा जित्ती होती. पानी मागितलं. पानी आनून दिलं तवर गेली.

तिच्या गळ्यातली डबी मी काढली, ती तुझ्या गळ्यात घातली.

पंचवीस वर्षं मला वाटून राहिलं की मी लिंग अंगावरून काढलं म्हनून ती गेली. म्हनून तुला सांगत आलो, काढू नको, काढू नको. तुझं पत्र वाचलं आनि दोन दिवस भाकरी गोड लागली न्हाई. काल पूजेला बसलो तवा ध्यानात आलं. दोनदा अडकला तरी मी तो काढला न्हाई. पहिल्यांदाच काढला असता तर कदाचित पानी वेळेवर पोचलं असतं. हे मी आजवर स्वतःला विचारलंच नव्हतं.

तुझा जीव घ्यावा म्हनून मी ती डबी तुला बांधली न्हाई. काम करताना काढायची. कुठं ठेवायची, कोनाला द्यायची, त्याचा घोर तू करू नको. बावीसला, शनिवारी पहिल्या बसनं येतो.

त्या पोराची माफी माग. मागितली असशील तर परत माग.

डॉक्टरकीचं वेगळं हाय. ते माझ्या डोक्यातून गेलं न्हाई. त्यावर बोलायचं न्हाई.

चटनी आनतो.

शिवप्पा


नांदेड
२३ डिसेंबर २०१८

ती. आप्पा,

काल तुम्ही गेल्यापासून डोक्यात एकच चालू आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

तुम्ही वर्कशॉपच्या दारात आलात तेव्हा माझी सगळी माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. धोतर, पांढरी टोपी, हातात चटणीचा डबा. मला वाटलं, आता काही तरी बोलाल. तुम्ही डबा व्यंकटरावांकडे दिलात, नळावर हातपाय धुतलेत, आणि माझ्यासमोर येऊन डावा हात पुढे केलात.

मी दोरा सोडला. डबी तुमच्या हातात दिली. तुम्ही डबी उघडून लिंग तळहातावर घेतलंत, रोज पहाटे चूल पेटवायच्या आधी पूजेला घेता तसंच, आणि पेटीभोवती आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर भिंतीशी जाऊन उभे राहिलात. मग मी मान वर केली आणि गंधारला म्हटलं, तपास. त्याने तपासलं. त्याची माफी मी दुसऱ्यांदा मागितली आहे. तो म्हणाला, आता पुरे, वहीत जागा नाही.

दोन तास वीस मिनिटं लागली. पाच कप्पे, शंभरावर बोल्ट, प्रत्येक बोल्ट ठरलेल्या जोराने. व्यंकटरावांनी तुमच्यासाठी खुर्ची आणली, तुम्ही बसला नाहीत. चहा आणला, तर म्हणालात, "हात गुंतलाय." मग त्यांनीही तिथे उभं राहून चहा घेतला नाही. उर्वीसुद्धा पाय न वाजवता चालत होती, आणि तिला तसं चालता येतं हे आम्हाला कालच कळलं. मी काचेआडून अधूनमधून बघत होते. तुमचा हात छातीपाशी होता तो तसूभर खाली आला नाही. त्या दोन तासांत माझं बोट एकदाही चुकलं नाही, आप्पा. इतक्या शांतपणे मी कधीच काम केलेलं नाही.

"झालं?" तुम्ही विचारलंत.

"झालं."

"मान खाली कर."

नवा दोरा तुम्ही घरून आणला होतात. बांधलात, गाठ दोनदा ओढून पाहिलीत. भाजलेल्या जागेला तुमचं बोट लागलं तेव्हा तुम्ही थांबलात, मग घड्याळ बघितलंत आणि दोनची बस म्हणून निघालात. संध्याकाळच्या जेवणाला पोरं येणार, आई एकटी. मी सगळं जाणते. पण तुम्ही गाडीकडे एकदाही पाहिलं नाहीत. ती चार पावलांवर उभी होती. तुम्ही लिंगासाठी आलात, माझ्यासाठी आलात, आणि मी जिच्यासाठी घर सोडलं तिला न बघता गेलात. फाटकापर्यंत मागे आले होते मी. तुम्ही वळून पाहिलं नाहीत, म्हणून तुम्हाला माहीत नाही.

चार वाजून चाळीस मिनिटांनी ती चालली. आधी नुसती थरथरली. मग उर्वीने पाय दाबला आणि ती निघाली, खरंच काही आवाज न करता. टायरचा रस्त्यावर होतो तेवढाच. वसतिगृहाच्या कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, परत आली. पोरं नाचत होती. गंधारने वही बंद केली आणि गुडघ्यात डोकं घालून बसला. व्यंकटराव म्हणाले, "न सांगता गेली की रे." मी हसले आणि मग मला रडू आलं. तुमची बस तेव्हा अहमदपूरच्या पुढे गेली असेल.

आता मागणं मागते. तुम्हाला आवडणार नाही.

कोइमतूरला स्पर्धा चार दिवस आहे. तिथे पेटी रोज उघडावी लागेल, परीक्षक बघणार, आणि रोज मला लिंग काढावं लागेल. उर्वी म्हणते, मी धरीन, आंघोळ करून, अनवाणी उभी राहून धरीन. ती खरंच धरेल. पण मला तुमचा हात हवा आहे. जाण्यायेण्याचे दिवस धरून आठ दिवस होतात. आपली खानावळ वर्षातून एकच दिवस बंद असते आणि जानेवारीत पोरांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, हे मला ठाऊक आहे. त्या पोरांना तुम्ही उपाशी ठेवणार नाही, आणि ठेवू नये. म्हणून मी आग्रह करत नाही. फक्त मनात आहे ते लिहिलं, कारण न लिहिण्याचे परिणाम मी भोगले आहेत.

चटणी एका दिवसात संपली. बावीस माणसं आहेत.

मंजुश्री


नांदेड
१९ जानेवारी २०१९

ती. आप्पा,

हे पत्र टपालात टाकत नाही. सोमवारी स्टेशनवर तुमच्या हातात देणार आहे. समोर असताना बोलता येतंच असं नाही, म्हणून जवळ असू द्या.

महिनाभर तुमचं उत्तर आलं नाही. आईला विचारलं तर ती म्हणायची, काही बोलले नाहीत बाई. मी उर्वीला लिंग कसं धरायचं ते शिकवलंसुद्धा. गाडी काल टेम्पोतून पुढे गेली, व्यंकटराव बरोबर गेले. आमची तिकिटं काढून झाली, सिकंदराबादला गाडी बदलायची, सगळं ठरलं. मी मनाची समजूत घातली होती.

आज दुपारी आईने मोबाइलवर एक फोटो पाठवला. मग तिचा फोन आला आणि ती हसत हसत सांगायला लागली. तुम्ही सकाळी समोरच्या खानावळवाल्या महादेवप्पांकडे गेलात. ज्यांच्या वरणाला तुम्ही पंधरा वर्षं गरम पाणी म्हणत आलात, त्यांच्याच दारात उभे राहून एकशे चाळीस पोरांच्या आठ दिवसांच्या जेवणाचं ठरवून आलात. महादेवप्पांना आधी वाटलं, तुम्ही भांडायला आलात. निघताना त्यांना डाळ किती घालायची तेही सांगून आलात म्हणे. तेवढं तुम्हाला टाळता आलं नसणार.

मग तुम्ही भाजी-भाकरी लिहायचा फळा दारावरून काढलात, पुसलात आणि स्वतः खडूने लिहिलंत. फोटोत तो फळा मी पन्नासदा पाहिला. गंधारला दाखवला, उर्वीला दाखवला. दाराबाहेर नाही लावलात तुम्ही तो. आत लावलात, डॉक्टरांच्या भिंतीवर, सगळ्यांच्या मधोमध, माझ्या खिळ्याला.

तुमचं अक्षर मोठं आणि तिरकं. खाली सही, आई म्हणते तशी घाईत केलेली. मजकूर इथे उतरवून ठेवते, फळा पुसला जाईल म्हणून:

"सोमवारपासून आठ दिवस खानावळ बंद राहील. जेवण समोर महादेवप्पांकडे. मालक मुलीची गाडी बघायला गेले आहेत."

मंजुश्री